तालुक्याच्या गावाची हरित पायाभरणी

महाराष्ट्रातील नागरीकरणाचा विषय निघाला की मुंबई, पुणे, नागपूर ही महानगरे प्रथम डोळ्यांसमोर येतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ४५ टक्क्यांहून अधिक लोक नागरी भागात राहत होते. सातारा जिल्ह्यात हेच प्रमाण सुमारे १९ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर पाहून आपला जिल्हा अद्याप खेड्यापाड्यांचाच आहे, नागरी नियोजनाची आपल्याला एवढी घाई नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती मात्र याच्या उलट आहे. महानगरात एकदा चुकलेले नियोजन दुरुस्त करण्यासाठी अपार खर्च करावा लागतो आणि तरीही ते पुरतेपणी दुरुस्त होत नाही. तालुक्याच्या गावात ते चुकू न देण्याची संधी अजून शिल्लक असते. शाश्वत नगरविकास आणि हरित पायाभूत सुविधा या विषयांवर आज विद्यापीठांतून जे उच्च संशोधन चालले आहे, त्याचा खरा उपयोग म्हणूनच लहान गावांना अधिक आहे.

कोरेगावचे उदाहरण घेऊ. साताऱ्याहून पंढरपूरच्या दिशेने निघाल्यावर माहुलीस कृष्णा ओलांडली की थोड्याच अंतरावर हे तालुक्याचे गाव लागते. पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक, तहसील कचेरी, न्यायालय, शाळा-महाविद्यालये आणि मोठी बाजारपेठ यांमुळे भोवतालच्या खेड्यांची येथे नित्य वर्दळ असते. ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले तो याच परिसरातला. तीळगंगा आणि वसना या कृष्णेच्या खोऱ्यातील लहान नद्या या भागातून वाहतात. अलीकडच्या काळात येथील ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. नावातील हा बदल लहान दिसला तरी त्याचा अर्थ मोठा आहे. गावाभोवतालची शेते हळूहळू बिगरशेती होणार, रस्ते रुंदावणार, गटारे बांधली जाणार आणि ज्या ओढ्यांतून आजवर पावसाचे पाणी आपल्या वाटेने जात होते, त्या ओढ्यांचे काय करावयाचे हा प्रश्न एकेका भूखंडाच्या निमित्ताने पुढे येणार.

हरित पायाभूत सुविधा म्हणजे काय?

रस्ते, पूल, जलवाहिन्या, गटारे, विजेच्या तारा यांना आपण पायाभूत सुविधा म्हणतो. त्या सिमेंट, लोखंड आणि डांबर यांच्या असतात. गावाला तितकीच आवश्यक सेवा देणारी दुसरीही एक व्यवस्था असते. ओढे आणि त्यांचे काठ, तळी, विहिरी, गायराने, देवराया, रस्त्याकडेची झाडे, शाळांची मैदाने आणि परसबागा ही ती व्यवस्था होय. ती पाणी मुरविते, पुराचा जोर मोडते, हवा थंड ठेवते, धूळ अडविते आणि पक्षी, कीटक यांना आसरा देते. या सर्वांचा सुटा विचार न करता त्यांची एक सलग रचना म्हणून जेव्हा नियोजन केले जाते, तेव्हा तिला हरित पायाभूत सुविधा असे म्हणतात. ही संज्ञा १९९० नंतर प्रथम अमेरिकेत रूढ झाली. सिंगापूरने २००६ मध्ये आपले सिमेंटचे नाले आणि जलाशय यांना पुन्हा सजीव रूप देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. चीनने २०१५ मध्ये १६ शहरांत, पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेणारी शहरे घडविण्याचा प्रयोग सुरू केला.

संज्ञा परकी असली तरी कल्पना आपल्याला नवीन नाही. सातारा शहराला कास तलावाचे पाणी एकोणिसाव्या शतकापासून डोंगरउताराने मिळत आले आहे. तलावाच्या वरील पठार व वने सुरक्षित राहिली, म्हणून हे शक्य झाले. पठारावर पडलेले पाणी दगड, माती आणि मुळे यांतून झिरपत तलावात येते आणि तेथून उताराने शहराकडे जाते. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले ते तेथील फुलांसह समृद्ध जैवविविधतेसाठी. सातारकरांच्या दृष्टीने ते त्याआधीपासूनच पाणीपुरवठ्याचे साधन होते.

एका हेक्टरचा हिशेब

हा विषय समजून घेण्यास एक साधा हिशेब पुरेसा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो असे उदाहरणादाखल धरले तर एका हेक्टरवर वर्षात साठ लाख लिटर पाणी पडते.

आता अमेरिकेतील पर्यावरण विभागाने प्रसृत केलेले व जगभर वापरले जाणारे एक ढोबळ प्रमाण पाहू. गवत-झाडांनी झाकलेल्या नैसर्गिक जमिनीवर पावसाच्या सुमारे १० टक्के पाणी वाहून जाते आणि सुमारे २५ टक्के खोल जमिनीत उतरते. तीच जमीन इमारती, रस्ते आणि फरशी यांनी तीन चतुर्थांशाहून अधिक झाकली गेली की वाहून जाणारे पाणी ५५ टक्क्यांवर जाते आणि खोल उतरणारे पाणी अवघे ५ टक्के उरते. आपल्या हेक्टरला हे प्रमाण लावल्यास पूर्वी सहा लाख लिटर पाणी वाहत होते, ते तेहेतीस लाख लिटर होते. भूगर्भात पंधरा लाख लिटर जात होते, ते तीन लाखांवर येते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या मापाने बोलावयाचे तर एका हेक्टरमागे १२० टँकर पाणी विहिरींच्या वाट्यातून कमी होते आणि २७० टँकर जादा पाणी गटारांत व ओढ्यांत येऊन पडते. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि वैशाखात टँकरची प्रतीक्षा, ही दोन संकटे वेगळी नाहीत. एकाच चुकीच्या त्या दोन बाजू आहेत.

मात्र येथेच सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हे प्रमाण परदेशी भूमीवरचे आहे. सातारा जिल्ह्याची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. त्यावर कोठे काळी चिकण माती, कोठे मुरूम, तर कोठे उघडा कातळ असतो. बेसॉल्टच्या एका थरात पाणी सहज शिरते, तर त्याखालच्या थरात थेंबही उतरत नाही. पाऊसही सर्वत्र सारखा नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर पूर्वेस माण तालुक्यात तो सुमारे पाचशे मिलिमीटरवर येतो. कोरेगाव तालुका या दोन टोकांच्या मध्ये आहे. म्हणूनच परदेशी आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही. आपल्या मातीवर, आपल्या पावसात किती पाणी मुरते आणि किती वाहते, हे आपणच मोजावे लागते. संशोधनाची आवश्यकता उत्पन्न होते ती येथे.

पीएच. डी.नंतरचे संशोधन कशासाठी?

डॉक्टरेटनंतरचे संशोधन ही कल्पना सर्वसामान्य वाचकास काहीशी अपरिचित वाटेल. पीएच. डी. ही एका अर्थी संशोधकाची उमेदवारी होय. त्या काळात तो एकाच विषयात खोल जातो आणि संशोधनाची शिस्त शिकतो. त्यानंतर अध्यापनाची जबाबदारी अंगावर येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे तो एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली नव्या प्रश्नावर स्वतंत्रपणे काम करतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय डॉक्टरेटोत्तर शिष्यवृत्ती अशा तरुण संशोधकांना साधारणतः दोन वर्षांसाठी दिली जाते. समाजशास्त्रांच्या संशोधकांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचीही अशी योजना आहे.

शहराचा प्रश्न या टप्प्यावरील संशोधनास विशेष अनुकूल आहे. ओढ्याचा प्रश्न घ्या. त्यात किती पाणी येते हे जलशास्त्रज्ञ सांगेल, काठावर कोणती झाडे टिकतील हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगेल, खाली कोणता खडक आहे हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगेल. काठावरच्या वस्तीचे काय करावे हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे आणि देखभालीचा खर्च कोठून यावा हा अर्थशास्त्राचा. यांपैकी कोणत्याही एकाच्या उत्तरावर गावाचा निर्णय होऊ शकत नाही. आपल्या विषयाचे कुंपण ओलांडून शेजारच्या शास्त्रात काम करण्याची मोकळीक संशोधकास याच काळात मिळते.

असे काम हाती घेणाऱ्या किंवा त्यास आधार देऊ शकणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करीत आहे. पुण्यात बेसॉल्टमधील भूजलाचा अभ्यास करणारी अक्वाडॅम ही संस्था आहे. याखेरीज राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे.

संशोधनाने काय दिले?

झाडांविषयी आपल्याकडे भावनेने पुष्कळ बोलले जाते, मोजून थोडे. बंगळूर येथे हरिणी नगेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्याकडेच्या झाडांचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडे असलेल्या रस्त्यावर दुपारी हवेचे तापमान झाडे नसलेल्या रस्त्यापेक्षा ५.६ अंशांपर्यंत कमी आढळले. डांबराच्या पृष्ठभागाच्या तापमानातील फरक तर २७.५ अंशांपर्यंत होता. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. रस्ता रुंद करताना जुनी वडाची किंवा चिंचेची झाडे तोडून दुसरीकडे रोपे लावली, की संख्येचा हिशेब पूर्ण होतो. सावलीचा हिशेब मात्र कित्येक वर्षे अपुरा राहतो.

अमेरिकेत रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते केवळ विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या आवारात झाडे राखणे हा केवळ शोभेचा भाग नाही, हे यावरून ध्यानात येईल.

सांडपाण्याच्या बाबतीत नागपूरच्या संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ ही पद्धती लहान गावांनी समजून घेण्याजोगी आहे. प्रथम टाकीत गाळ बसू दिला जातो. मग ते पाणी खडी भरलेल्या वाफ्यांतून संथपणे जाऊ दिले जाते. वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावलेल्या असतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहत असल्याने दुर्गंधी व डास यांचा उपद्रव कमी होतो. मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण विघटित करतात. उतार मिळाला तर विजेची गरज फारच थोडी लागते. या पद्धतीला मर्यादाही आहेत. तिला जागा लागते, गाळ वेळच्या वेळी काढावा लागतो आणि वनस्पतींची छाटणी करावी लागते. महानगरात जागाच नसते. तालुक्याच्या गावात ती आज आहे. उद्या असेल असे नाही.

जुनी परंपरा : आधी पाहणी, मग आराखडा

नगररचनेचे शास्त्रीय संशोधन महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुने आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अनेक शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस हेच होते. त्यांच्याच प्रोत्साहनाने इंग्लंडला गेलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले.

गेडिस यांचे सूत्र असे की, आराखड्याआधी पाहणी झाली पाहिजे. वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, तसे नियोजनकाराने गल्लीबोळ पायी हिंडल्याशिवाय रेघ ओढू नये. शहरातील तळी रोगराईच्या भीतीने बुजवून टाकण्यास त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे सोडावेत, म्हणजे डासांचा बंदोबस्त होतो, असे ते सांगत. होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरीव रस्त्याने न नेता ज्या भागातील लोकांनी आपले रस्ते सर्वाधिक स्वच्छ केले असतील, तेथून नेण्याची योजना केली होती. लोकांचा सहभाग हा नियोजनाचा शेवटचा सोपस्कार नसून त्याचा आरंभ आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

वेळूने शिकविलेला धडा

लोकांनी स्वतः मोजमाप करून काम केल्याचे उदाहरण कोरेगाव तालुक्याला दूर शोधावे लागत नाही. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये पहिली पाणलोट स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत घेतली. अमरावती जिल्ह्यातील वरूड, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे ते तीन तालुके होत. या स्पर्धेचा पहिला पुरस्कार कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळविला. गावकऱ्यांना समपातळी कशी काढावी, चर कोठे खणावा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसे अडवावे, याचे प्रशिक्षण देण्यात आले होते. जे ज्ञान एरवी अभियंत्याच्या वहीत राहते, ते शेतकऱ्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती आले.

वेळूचा हा धडा आता तालुक्याच्या गावाने घ्यावयाचा आहे. डोंगरमाथ्यावर चर खणून अडविलेले पाणी आणि गावातील छपरांवरून पडणारे पाणी, दोन्ही शेवटी त्याच खोऱ्यातून वाहतात. शेतजमिनीवर आपण बांध घालतो, शेततळे घेतो, पाणी अडविल्याचा अभिमान बाळगतो. तीच जमीन बिगरशेती झाली की पाण्याचा विचार गटाराच्या मापापुरता उरतो आणि ते लवकरात लवकर हद्दीबाहेर कसे जाईल एवढेच पाहिले जाते. पाणलोटाचे शास्त्र शेताच्या बांधावर थांबत नाही. हरित पायाभूत सुविधा म्हणजे शहरातील पाणलोट क्षेत्र विकासच होय. फरक इतकाच की चराच्या जागी रस्त्याकडेचा शोषखड्डा येतो, बांधाच्या जागी ओढ्याचा राखलेला काठ येतो आणि शेततळ्याच्या जागी छपराच्या पाण्याचे पुनर्भरण येते.

कायद्याने दिलेली साधने

अशा कामासाठी नगरपंचायतीच्या हाती अधिकार आहेत. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, ग्रामीण भागातून नागरी भागात रूपांतरित होत असलेल्या क्षेत्रांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. त्याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनाबरोबरच नागरी वनीकरण व पर्यावरणाचे संरक्षण हा विषयही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजना तयार होते आणि तीत उद्याने, मैदाने, हरित पट्टे यांसाठी आरक्षणे दाखविता येतात.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या क्षेत्राच्या अभिन्यासात १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था आवश्यक आहे. नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी १९७५ चा कायदा असून त्यात वृक्षगणनेची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षास वारसा वृक्षाचा दर्जा दिला. २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन होते.

नियमांचे अस्तित्व आणि त्यांचा उपयोग यांत मात्र अंतर पडते. दहा टक्के खुली जागा ठेवली जाते, परंतु ती बहुधा अभिन्यासाच्या ज्या कोपऱ्यात भूखंड पाडणे गैरसोयीचे असते, तेथे दाखविली जाते. पुढे तेथे पेव्हर ब्लॉक बसतात आणि बाके येतात. कागदोपत्री ती हरित जागा असते. पाण्याच्या थेंबाला तेथे आत शिरण्यास वाट नसते. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. आदेश दिल्लीचा असला तरी झाडाची गरज सर्वत्र सारखीच असते. खुली जागा ओढ्याच्या काठाला धरून घेतली, शेजारच्या अभिन्यासाची खुली जागा तिला जोडून आली, तर त्याच दहा टक्क्यांतून एक सलग हरित पट्टा तयार होतो. यासाठी वेगळा निधी लागत नाही. मंजुरीच्या वेळी नकाशा थोडा अधिक बारकाईने पाहावा लागतो.

दोन वर्षांचा संशोधक, वीस वर्षांचे झाड

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. डॉक्टरेटोत्तर संशोधकाला साधारण दोन वर्षे मिळतात. या अवधीत त्याला दोन पावसाळे पाहावयास मिळतात. त्यांतील एक अवर्षणाचा निघाला तर त्याचे सरासरीचे सर्व हिशेब कोलमडतात. वडाला सावली धरण्यास कित्येक वर्षे लागतात. विहिरीच्या पातळीतील खरा बदल दिसण्यास बरे-वाईट असे अनेक हंगाम जावे लागतात. संशोधकाजवळ शास्त्र आणि उपकरणे असतात, पण काळ नसतो. गावाजवळ काळ असतो, पण नोंद नसते. संशोधक निघून गेला की त्याचा प्रबंध विद्यापीठात राहतो, आणि गाव जेथे होते तेथेच राहते. ही कोंडी फोडण्याचा मार्ग म्हणजे गावाने स्वतःची नोंदवही ठेवणे.

या नोंदवहीसाठी फारसा खर्च नाही. गावातील प्रत्येक ओढा कोठून येतो, कोणत्या गटातून जातो, कोणत्या मोरीखाली त्याची वाट अडते, याचा नकाशा करावा. त्यासाठी जुने गाव नकाशे आणि वडीलधाऱ्या मंडळींची स्मृती हे दोन्ही आधार घ्यावेत. मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. लहान ओढ्यांचा पूर मात्र बहुधा लोकांच्या आठवणीतच राहतो. तो कोणत्या भिंतीपर्यंत आला होता, याची खूण तारखेसह करून ठेवावी. दहा-बारा सार्वजनिक विहिरी निवडून भूजल यंत्रणेप्रमाणे वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजावी. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. लावलेल्या रोपांपैकी तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली, त्यांस पाणी कोणी घातले आणि त्यावर किती खर्च आला, हेही लिहावे. वृक्षारोपणाच्या दिवशीचे छायाचित्र ही नोंद नव्हे. तीन वर्षांनंतरची मोजणी ही खरी नोंद होय.

शिक्षकांना या कामात मोठे स्थान आहे. भूगोलाच्या तासाला शिकविलेली समोच्चरेषा आणि गणिताच्या तासाला शिकविलेले घनफळ ही दोन्ही ओढ्याच्या काठावर एका सकाळी प्रत्यक्ष शिकविता येतात. महाविद्यालयांनी आपल्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांमार्फत या नोंदी पडताळाव्यात. नगरपंचायतीने त्यांची एक प्रत कार्यालयात ठेवावी आणि विकास योजना, रस्ते किंवा अभिन्यास यांचा निर्णय घेताना ती समोर घ्यावी. अशी पाच-सात वर्षांची नोंद ज्या गावाजवळ असेल, त्या गावाकडे संशोधक आपण होऊन येतील. कारण संशोधकाला सर्वांत दुर्मीळ असलेली गोष्ट, म्हणजे अखंड स्थानिक माहिती, त्याला तेथे मिळेल. मग प्रश्नही गावाचा असेल आणि उत्तरही गावाच्या उपयोगाचे असेल. लगतच्या ग्रामपंचायतींनाही यात सहभागी करून घ्यावे, कारण ओढा हद्द पाहून वाहत नाही.

लहान गावांना हे जमेल काय, अशी शंका घेण्याचे कारण नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये देशात पहिला क्रमांक याच जिल्ह्यातील कऱ्हाडने मिळविला होता. दुसरा व तिसरा क्रमांक अनुक्रमे सासवड आणि लोणावळा यांचा होता. ही तिन्ही महाराष्ट्रातील लहान शहरे आहेत. शिस्त आणि लोकांचा सहभाग असेल तर आकार आड येत नाही, हे यावरून सिद्ध झाले आहे.

प्रश्न वेळेचा आहे. गाव वाढते तेव्हा प्रथम भूखंड पडतात, मग रस्ता येतो, मग गटार येते आणि शेवटी ओढा नळांत घालून वरून बुजविला जातो. एकदा त्यावर घरे उभी राहिली की तो पुन्हा उघडा करणे म्हणजे कोणाचे तरी घर पाडणे होय, आणि त्याची किंमत प्रामुख्याने ज्यांना दुसरीकडे जागा घेणे परवडत नाही अशाच कुटुंबांना मोजावी लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णाकाठच्या सांगलीने पुराचे जे रूप पाहिले, त्यातून पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले आहे. कोरेगावसारख्या गावांत ओढ्यांचे काठ, जुन्या विहिरी आणि रस्त्याकडेची झाडे अद्याप ओळखता येण्याजोगी आहेत. त्यांची पाहणी येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल. त्यासाठी संशोधकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक नकाशा, एक मोजपट्टी, एक वही आणि ती नेमाने भरणारी चार माणसे एवढे साहित्य आरंभास पुरेसे आहे.